चांगुणाबाईंची होडी

"...पण वाकडी रेघ काढायची कशी, आबा?"

निशिकांतने हे विचारलं तेव्हा दामाआबा ओटीवर बशीतून चहा पीत होते. अर्धा चहा धोतरावर सांडलेला.

आबांनी जन्मभर होड्यांवर नावं रंगवली. निशिकांत त्यांच्याच हाताखाली शिकला आणि शहरात जाऊन मोठा चित्रकार झाला. जरा जास्तच मोठा झाला म्हणा ना.

गावाने बंदरावरची भिंत रंगवायला काढली आणि त्याला बोलावलं. घराघराने आपापलं चित्र काढायचं, याने नुसती देखरेख करायची, असं ठरलं होतं. पण चुकलेली रेघ दिसली की याचे हात शिवशिवायचे.

चांगुणाबाईंनी नवऱ्याची होडी काढली होती. नवरा त्या होडीसकट बुडालेला, घरात त्याचा फोटोही नाही. होडी एका अंगाला कललेली, डोलकाठी तिरकी. बाई जेवायला गेल्या आणि याने सगळं सरळ करून टाकलं. कुणी सांगितलं होतं याला?

चित्र काढायला घेतल्यापासून बाई रोज संध्याकाळी त्या होडीपाशी येऊन बसायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. निशिकांत त्यांच्या घरी गेला, चुकलो म्हणाला, पुन्हा काढा म्हणून ब्रश पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"आता डोळे मिटले तरी तुझीच होडी दिसते," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून तो त्यांची होडी काढायला धडपडत होता. डाव्या हातानेही काढून पाहिली. छे, सुबकच यायची.

"तुमचा हात कापतो, आबा. तुम्हीच काढा..."

आबांनी बशी बाजूला ठेवली. काठी टेकत उठले. बंदरापर्यंत जाताना दोनदा थांबले.

होडीच्या जागी निशिकांतने पांढरा रंग देऊन ठेवला होता. आबांनी ब्रश बुडवला. हात लटलट कापत होता, थेंब पायावर पडत होते.

ब्रश भिंतीला टेकला... आणि हाताची थरथर थांबली.

एका ओढीत डोलकाठी उभी राहिली. ओळंबा लावावा तशी सरळ.

आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग आता काय करायचं, आबा?"

आबांनी ब्रश खाली ठेवला.

"आबा?"

"हा हात तुला मीच दिला, निशिकांत. चुकलो म्हणायला तिच्या दारात आता मी जातो."