काशीत सोडलेली हाक

एकदा काय झालं, गोदी नावाची एक बाई आपल्या लेकीला पाठीशी बांधून काशीला निघाली. लेक पाच वर्षांची, कृष्णी. एके दिवशी निजली ती उठेचना. श्वास तेवढा चालू. वैद्य हरले, देवऋषी हरले, म्हणून गोदीनं काशीची वाट धरली.

काशीची एक रीत आहे, बरं का. तिथे गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. सोडलं ते सोडलं, परत घ्यायचं नाही. मी दोडका सोडला. हसू नका, मला दोडका आवडत नाही हे काशीला कुठे ठाऊक! फार जुनं गाव ते. किती राजांनी बांधलं, किती राजांनी मोडलं, तरी उभंच. लोक सोडून जातात त्या मायेवर उभं आहे, असं माझी आजी म्हणायची.

मग गोदी विश्वनाथाच्या पायरीशी गेली. “देवा, गूळ सोडला,” म्हणाली. कृष्णीच्या गालांवर रंग आला. पण ती उठली नाही.

मग गोदी सारनाथला गेली. बुद्धांनी पहिला उपदेश केला ना, तिथे. तिचा गळा फार गोड. “गाणं सोडलं,” म्हणाली. कृष्णीचे ओठ हलले, बस्स.

मग ती मणिकर्णिकेच्या घाटावर गेली. तिथली चितेची आग कधी विझत नाही. लाकडं रचणारा म्हातारा म्हणाला, “माये, गूळ नि गाणी काय सोडतेस? तुझं खरं काय आहे?”

“मी हिची आई आहे. दुसरं काय असणार, बाबा?”

“मग तेच सोड. ही उठेल. पण ‘आई’ म्हणाली तर ओ द्यायची नाहीस. दिलीस, तर निजेल ती कायमचीच.”

गोदी रडली. फार रडली गं बाई. आणि सोडलं.

कृष्णीने डोळे उघडले. “आई!”

गोदीने पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, “कुणाची गं तू? चल, तुझी आई शोधू.”

एवढंसं पोर, इतके दिवस निजलेलं. त्याला वाटलं, ही आपली आई नव्हेच, ओळखण्यात आपलीच चूक झाली. मग दोघी हात धरून फिरल्या. सगळे घाट पाहिले, विणकरांची आळी पाहिली. गोदी तिला न्हाऊ घालायची, भरवायची. आणि कृष्णी रोज विचारायची, “मावशी, माझी आई सापडेल ना?”

कृष्णी मोठी झाली, सासरी सुखात नांदली. गोदीचं विचारू नका.

निजा आता. सकाळी उठलात की आईला हाक मारा. ती ओ देईल. तुमची आई काशीला गेलेली नाही.