बोटभर जागा

"बाबा, चाक बसलंय की! आता मधे बोट कशाला घालताय?"

हैबतीनं विचारलं. तालुक्याला सायकलींची शर्यत काय बघून आला, बाबांच्या जुन्या माउंटन बाईकला मोठी चाकं घेऊन आला. सव्वीस इंची काढली, साडेसत्तावीस इंची घातली. मोठं चाक खड्ड्यात अडत नाही म्हणे. शहाणा!

मदारबाबा आमच्या टेकडीवरचे फकीर. खालच्या वाड्यांना औषधं तेच पोचवायचे. मला साप चावला तेव्हा याच सायकलीवर, भर चिखलातनं त्यांनी मला दवाखान्यात नेलं. म्हणून मी आहे.

बाबांचे गुडघे गेले, तसं ते काम हैबतीकडं आलं. आज ओढ्यापलीकडच्या तान्हूबाईला दम्याचं औषध न्यायचं होतं. म्हातारी रात्रभर बसून होती.

निघण्याआधी बाबा चाक आणि फ्रेमच्या मधनं बोट फिरवायचे. रोज. आम्हाला वाटायचं, दुवा मागतात.

आज बोट शिरेना.

"बघा, कुठं घासतंय का?" हैबतीनं मागचं चाक गरागरा फिरवलं. खरंच घासत नव्हतं. "ब्रेकपण डिस्कचे. त्यांना चाक लहानमोठं सारखंच."

बाबा वाकले.

वाटेवरचा लाल चिखल मूठभर उचलला आणि टायरवर थापला.

"फिरव."

चाक थोडं फिरलं. चिखल फ्रेमला जाऊन भिडला. चाक गच्च.

हैबतीनं जोर लावला. हलेना.

"आता घे खांद्यावर," मी म्हणालो. "सायकलला फिरवून आण."

तो हसला नाही. ओढ्याकडं बघत राहिला. खालपर्यंत वाट नुसती लालभडक. पलीकडं तान्हूबाईचं कौलारू घर दिसत होतं...

मग मुकाट्यानं जुनी चाकं आणली. बसवली. औषधाची पिशवी हँडलला बांधली. निघताना थांबला. चाकाच्या कडेनं, फ्रेमच्या आतनं, सावकाश बोट फिरवलं.

बोट आरपार गेलं.

त्यानं बाबांचे पाय धरले. "उपकार झाले, बाबा. वाटेत अडकलो असतो तर म्हातारीचं काय झालं असतं!... आणि आम्ही खुळे, इतकी वर्षं समजत होतो की तुम्ही दुवा मागताय."

बाबांनी हाताचा चिखल कफनीला पुसला.

"आत्ता बोट फिरवताना तुझ्या मनात कोण होतं रे?"