प्रार्थनेआधीचं बोलणं

“मग अशा माणसाला मंडळीत ठेवायचं की नाही, बाबा?”

विचारणारा आमोस मकासरे, चर्चचा नवा पाळक. दीक्षेची शाल अजून नवीकोरी, पण ऐट अशी की बिशपनं सल्ला घ्यायला यावं. आणि विचारलं ते शदरखबाबा त्रिभुवनांना. बाबा जन्मभर पाळकी करून आता ओट्यावर शेंगा फोडत बसायचे.

“कसा माणूस?” बाबांनी विचारलं.

आमोस म्हणाला, नाव सांगणार नाही, गुप्त गोष्ट आहे. आपल्या मंडळीत पेटी वाजवतो, एवढंच सांगतो.

मंडळीत पेटी वाजवणारा एकच. बाबा म्हणाले, “नाव सांगितलं नाहीस ते बरं केलंस.”

मग आमोसनं सगळं सांगितलं. गृहभेटीला तो पेटीवाल्याच्या घरी गेला होता. त्यानं चहा पुढं ठेवला आणि खाली बघत म्हणाला, पाळकसाहेब, माझं मन बाईकडं कधी गेलंच नाही. पुरुषाकडंच जातं, कळायला लागल्यापासून. प्रभूवर माझा विश्वास आहे, आणि हेही आहे. घरात लग्नाचं बघतायत. आजवर कुणापाशी बोललो नाही.

“मग तू काय केलंस?”

“करणार काय? लगेच प्रार्थना केली. चांगली लांब केली.”

त्या दिवसापासून पेटीवाला मंडळीत फिरकला नव्हता. पेटीवरचं फडकं तसंच. आमोसचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर? खरं म्हणजे त्या भीतीनंच तो आला होता, पण आणली होती मात्र शास्त्रवचनं. या बाजूची, त्या बाजूची, सगळी पाठ.

“बाबा, बायबलात पौल म्हणतो...”

“चल, प्रार्थना करू,” बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आता आमच्या लोकांत पाळक ‘प्रार्थना करू’ म्हणाला, की बायका डोक्यावर पदर घेतात आणि पोरं पाळकाच्या चपला शोधायला लागतात. भेट संपली, असाच त्याचा अर्थ. आमोसनं निमूट मान खाली घातली. आमेन झालं.

“तर बाबा, मी म्हणत होतो, सेमिनरीत पाळकी शिकताना आम्हाला...”

“चल, प्रार्थना करू.”

पुन्हा आमेन. आमोसचे कान तापले. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय?

“बाबा, मी रात्र रात्र जागतोय, आणि तुम्ही...”

“चल, प्रार्थना...”

“अहो, पण माझं बोलणं अजून संपलेलं नाही!”

बाबांनी डोळे उघडले.

“पेटीवाल्याचं संपलं होतं?”

आमोसला तो चहा आठवला. ‘म्हणून मी...’ असं काहीतरी पेटीवाला म्हणत होता, आणि त्याच वेळी आपण डोळे मिटले. घाबरून मिटले. आमेन म्हणून उघडले, तेव्हा तो दाराशी उभा होता. पाळकाच्या चपला त्यानं सरळ करून ठेवल्या होत्या.

आमोसला लाज वाटली. वचनं पाठ असलेल्या माणसाला क्वचितच वाटते, तशी खरी लाज.

तो म्हणाला, “आता जातो त्याच्याकडं. पण जाऊन सांगू काय?”

“सांगायला कशाला जातोस? ‘म्हणून मी’च्या पुढचं राहिलंय ना ऐकायचं?”

आमोस उठला. चपला घातल्या. पायरीवर पुन्हा अडला. सवय कुठली सुटायला.

“आणि शेवटी, बाबा? प्रार्थना न करताच उठायचं?”

बाबांनी सोललेले दाणे त्याच्या ओंजळीत घातले.

“करायची की. त्याला करायला सांग. तुझ्यासाठी.”