तोंडात धरलेला घास

या, पण त्या डोणीला टेकू नका. ख्रिस्ती देवळाच्या दारातली ही दगडी डोण पूर्वी बैलांना पाणी पाजण्यासाठी होती. आता तिच्यात फक्त बाप्तिस्म्याचं पाणी भरतात. हे कसं झालं, ते माझ्या आजीच्या सासूने डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे.

आमच्या वाडीत तेव्हा नुकतीच ख्रिस्ती मंडळी उभी राहिली होती. बाप्तिस्मा झाल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे प्रभूचं शरीर मानून वाटलेली भाकरी, घ्यायचं नाही, हा पाळकसाहेबांचा कडक नियम. एका रविवारी पाळकसाहेब तापाने दुसऱ्या गावी अडकले आणि भोजन देणं मंडळीतल्या शिमोनबांच्या गळ्यात पडलं. ते इतके घाबरले की भोजनाआधीची ताकीद वाचायची राहिली आणि भाकरीचं ताटच पुढे निघालं.

ओळीत ठकूबाई बसली होती. नवी सून, बाप्तिस्मा व्हायचा होता. मंडळी पंगतीसारखी जमिनीवर बसायची, आणि पंगतीत समोर आलेलं ताट परत धाडायला तिला माहेरी कोणी शिकवलं नव्हतं. तिने तुकडा तोंडात घातला. तेवढ्यात शिमोनबांना राहिलेली ताकीद आठवली आणि त्यांनी वाचलं, जो अयोग्य रीतीने खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो.

ती पांढरीफटक पडली. शेजारी बसलेली सासू म्हणाली, “गिळू नगंस, पोरी.”

मागून कोणीतरी म्हणालं, “थुकू बी नगंस. प्रभूचं शरीर हाय ते.”

ती तशीच घास धरून बसली. श्वास अडकायला लागला.

बाप्तिस्म्याचं पाणी पाळकानेच द्यायचं, हे शिमोनबांना ठाऊक होतं. आपण दिलं तर आपलाही निवाडा होईल, अशी त्यांना धास्ती होती. तरी त्यांनी तिला डोणीपाशी नेलं आणि विचारलं, “प्रभूवर विश्वास हाय का तुझा?”

तोंडात घास, ती काय बोलणार? सासूच पुढे झाली. “हाय तिचा.” मग सगळी मंडळी म्हणाली, “हाय.”

शिमोनबांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. तिने घास गिळला, आणि आता ही मरते की काय, म्हणून सगळे बघत उभे राहिले, असं सांगतात. ती मेली नाही.

पाळकसाहेब परतल्यावर त्यांनी एकच विचारलं, आधी काय झालं, भोजन की बाप्तिस्मा? शिमोनबा म्हणाले, “घास तोंडात व्हता, साहेब. पोटात नव्हता.” पुन्हा बाप्तिस्मा द्यायचं पाळकसाहेबांनी नाव काढलं नाही.

आजही आमच्याकडे बाप्तिस्मा घेणारा उत्तर देत नाही, मंडळी देते. मी कितीदा तरी “हाय” म्हटलंय. दर वेळी भीती वाटते, दुसऱ्याच्या विश्वासाची हमी देणारा मी कोण? तरी म्हणतो, कारण समोरचं माणूस तोंड मिटून माझ्याकडेच बघत असतं.