हेडफोन आलाय म्हणणारा जॅक

फार जुनी नाही, पण लॅपटॉपच्या आयुष्यात जुनीच म्हणावी अशी ही गोष्ट. वाईच्या हेमलताबाई लॅपटॉपवर नातीने स्वतः गाऊन पाठवलेली गाणी ऐकत. एका सकाळी त्यातून आवाजच येईना.

"स्पीकर गेला वाटतं. बदलूनच आणते," बाई म्हणाल्या.

स्पीकर घाबरला. हेडफोनची पिन ज्यात बसते त्या जॅकला त्याने विचारलं, "अरे, गाणं माझ्यापर्यंत का येऊ देत नाहीस?"

"हेडफोन आलाय. तो असताना तू गप्प बसायचं, असा नियम आहे."

"तो तर कपाटात पडलाय. नीट बघ."

"बघायचं कशाला? मला तो चांगला टोचतोय."

दुरुस्तीच्या दुकानात कारागीर इरफानभाईंनी जॅकमध्ये उजेड टाकला आणि बारीक ब्रशने लोकरीचा एवढासा बोळा बाहेर काढला. लगेच नातीचा आवाज दुकानभर घुमला.

"स्पीकर ठणठणीत आहे, बाई. बदलायला नको."

जॅक ओशाळला. "म्हणजे सकाळपासून मी बोळ्याची बडदास्त ठेवत होतो?"

स्पीकरला उत्तर द्यायला सवड नव्हती. नात दुसरं कडवं गात होती.