चुलीचा ठसा

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही नुसतं ऐकलेलं, इतक्या जुन्या काळी एक राज्य होतं. त्या राज्यातलं रान कुणा एकाचं नव्हतं, सगळ्यांचं होतं. म्हणूनच ते सांभाळायला एक कडक नेम होता. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

नेम असा, की ठसा नसलेल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. ठशाचा हातोडा एकाच माणसाकडे असे. त्याच्या एका तोंडावर छत्र कोरलेलं, दुसऱ्या तोंडावर चूल. छत्राचा ठसा पडलेलं लाकूड राजाच्या कामाला जायचं. चुलीचा ठसा पडलेलं लाकूड आठ दिवसांत उतरवायचं आणि रयतेच्या घरांनाच लावायचं. आणि जो कुणी ठसा पुसेल किंवा झाकेल, त्याला राज्यात घर नाही, मग तो राजा का असेना! राजाच्या आजोबांनी हे वेशीवरच्या दगडात कोरून ठेवलं होतं.

त्या वेळी हातोडा होता कोंडाईकडे. साठी उलटलेली बाई, कंबर थोडी वाकलेली, जीभ मात्र सरळ. वाळलेलं झाड कुठलं, दाटीत घुसमटलेलं कुठलं, हे तिला हात लावून कळायचं. झऱ्याच्या माथ्यावरच्या झाडांना तिनं कधी हातोडा दाखवला नाही. सगळ्या राज्याचं पाणी त्या झऱ्याचं होतं.

तीन वर्षांपूर्वी नदी कोपली आणि काठावरची नव्वद घरं घेऊन गेली. त्यात कोंडाईचंही घर होतं. तिनं रडत बसण्याऐवजी महिनाभर रान पालथं घातलं आणि चारशे झाडांवर चुलीचा ठसा मारला. लाकूड गाड्यांत भरून राजधानीला गेलं. घरं मात्र आली नाहीत. ती दर वर्षी विचारायची आणि कचेरीचा शिपाई दारातूनच सांगायचा, "लाकूड वाळत घातलंय."

तीन वर्षं नव्वद कुटुंबं राजधानीत, कचेरीसमोरच्या माळावर, कापडाच्या पालांत राहिली. कोंडाईला आणखी काही नको होतं, फक्त एक दार हवं होतं. आतून कडी लावून निवांत झोपावं, एवढीच तिची हौस. पालाच्या कापडाला कडी कुठे लावणार?

एके दिवशी सकाळी तिला कचेरीत बोलावणं आलं. घरबांधणी कचेरी! घरं कशी बांधावीत याचा विचार करायला जागा हवी, म्हणून प्रधानानं आधी तीच बांधून घेतली होती. साठ खांब, दोन मजले, जाडजूड हिरवा रंग. आत कारकून तीन वर्षं विचार करत होते. कोंडाईनं पहिल्यांदाच तिच्यात पाऊल टाकलं.

प्रधानासोबत तिथं बसलेला राजा म्हणाला, "कोंडाई, पूरग्रस्तांची घरं आता बांधायचीच. झऱ्याच्या माथ्यावरचं रान उतरवू. तू चुलीचे ठसे मार. पहिलं घर तुझं."

"महाराज, ते रान गेलं की झरा आटेल. घरं होतील, पण माठ कोरडे राहतील."

प्रधान हसला. "बघा महाराज, हिला झाडांचा पुळका. गरिबांना घर मिळालं काय, न मिळालं काय, हिला काय त्याचं!"

हे तिच्या जिव्हारी लागलं. रानाच्या बाजूनं कुणी तोंड उघडलं, की त्याला गरिबांचा वैरी ठरवायचं, ही युक्ती तेव्हाही होती. कोंडाई स्वतः पालात झोपत होती. तिच्या डोळ्यांसमोर ते दार आलं, ती कडी आली. हो म्हटलं असतं तर आठवडाभरात घर उभं राहिलं असतं. तिनं शेजारच्या खांबाचा आधार घेतला.

तिची बोटं खांबावरच थबकली. रंगाखाली एक खळगा होता. बोटांनी तो चाचपला. तीन दगड, वर भांडं. चूल!

कोंडाईचा चेहरा बदलला. ती सरळ उभी राहिली.

"महाराज, मला पक्कं वाटेल त्या लाकडावर ठसा मारू ना?"

"मार की! सगळ्यांसमोर सांगतो. तुझा शब्द शेवटचा."

"मग रानापर्यंत कशाला जाऊ?"

तिनं कमरेचा कोयता काढला, खांबावरचा रंग खरवडला आणि जुन्या ठशाशेजारी नवा ठसा हाणला. धाण्! कारकुनांच्या लेखण्या हातातच राहिल्या. ती दुसऱ्या खांबाकडे वळली. धाण्! तो आवाज पालांतल्या माणसांच्या ओळखीचा होता. ती माणसं धावत आली आणि कचेरीच्या दारांत, खिडक्यांत दाटली.

"धरा तिला!" प्रधान ओरडला.

"धरा," कोंडाई म्हणाली. "पण आधी रंगाखाली काय निघालं ते बघा. हा उंबराच्या वळणावरचा साग. ती तुळई ओढ्याकाठच्या ऐनाची. मी लोकांच्या घरांसाठी दिलेली झाडं आहेत ही. तुम्ही त्यांच्यावर बसून घरांचा विचार करताय!"

शिपाई जागचा हलला नाही. राजा खांबाजवळ गेला. ठसा त्यानं बोटानं चाचपला आणि मग प्रधानाकडे पाहिलं.

"रंग... शोभेसाठी दिला होता महाराज," प्रधान पुटपुटला.

"आता दोनच वाटा आहेत," कोंडाई म्हणाली. "परत रंग फासा, नाहीतर खांब उतरवा. रंग फासणार असाल तर स्वतःच्या हातानं फासा महाराज, आणि मग वेशीवरचा दगड वाचून या."

राजा काही फार शहाणा नव्हता. पण शेकडो डोळे त्याच्या हाताकडे लागले होते आणि आजोबांचा दगड त्याला पाठ होता. मग तो म्हणाला, "उतरवा."

आठ दिवसांत कचेरी उतरली. तिच्या खांबांतून, तुळयांतून, जिन्यांतून नव्वद घरं उभी राहिली. कारकून चिंचेखाली बसले आणि तीन वर्षांचं काम त्यांनी तीन महिन्यांत केलं. प्रधानाचं घर नेमाप्रमाणे गेलं. शेवटच्या घरावर छप्पर चढेपर्यंत तो कोंडाईच्या रिकाम्या पालात राहिला. झऱ्याच्या माथ्यावरचं एकही पान हललं नाही.

कोंडाईच्या चौकटीवर तिचे दोन ठसे शेजारी शेजारी होते, एक जुना, एक नवा. पहिल्या दिवशी तिनं दार लावलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली आणि मग झोपली.

बोध: गरिबांच्या घरासाठी रान मागणाऱ्या सत्तेला आधी न भिता विचारावं, मागच्या वेळी तोडलेलं लाकूड कुणाच्या छपराखाली लागलं?