भिंतीबाहेरची कोन्सूबाय

“फाटक उघडणार नाही म्हणजे नाही!” फादर लुद्रिक म्हणाले.

“मग मीही उठणार नाही म्हणजे नाही,” कोन्सूबाय म्हणाली, आणि कबरस्तानाच्या फाटकासमोर भर उन्हात तिनं बसकण मारली. तिच्या मांडीवर केळीच्या पानात गुंडाळलेली एक पोर होती. सकाळी जन्मली होती आणि सकाळीच गेली होती.

खारपाडी गावच्या चर्चच्या घंटेला अजून तडा गेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. तेव्हा वाड्यावाड्यांतून बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या गोड्या तळ्याचं पाणी रहाटानं केळींना जायचं, आणि गावातलं प्रत्येक मूल कोन्सूबायच्या हातावर यायचं. ती सुईण होती. तिचा हात पोटावरून फिरला की आडवं मूल आपणहून सरळ व्हायचं, असं म्हणतात. तिची जीभ मात्र तिखट होती. कळा सोसणाऱ्या बाईच्या नवऱ्याला ती अंगणात उभं करून अशी सोलायची, की तो पुढच्या खेपेला आधीच माडावर चढून बसायचा.

सुईणीकडं आणखी एक काम असायचं. मूल जगेलसं वाटलं नाही, तर तिनं त्याच्या कपाळावर पाणी घालायचं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे आणि मग त्याला जाऊ द्यायचं. पाणी पडलेलं मूल कबरस्तानात. पाणी न पडलेलं भिंतीबाहेर, निवडुंगाशेजारी. वर क्रूस नाही, मेणबत्ती नाही. रात्री कोल्हे यायचे. आया बिछान्यात पडून कोल्ह्यांचं ओरडणं ऐकायच्या, आणि कुणाला काही बोलायच्या नाहीत. हा नियम होता. नियम कुणी केला विचारलं, तर सगळे वर बोट दाखवायचे.

त्या सकाळी बस्त्यांवची बायको रेजिन बाळंत झाली. पोर आली ती निळी, श्वास अडकत होता. आणि त्याच वेळी रेजिनच्या अंगावरून रक्ताचा पाट सुटला. घरात तिसरं माणूस नव्हतं. बस्त्यांव शेजारणींना हाका मारायला धावला होता. पाण्याचा तांब्या हाताशी होता, पण कोन्सूबायचा हात मोकळा नव्हता. दोन्ही मुठींनी ती रेजिनचं पोट दाबून बसली होती. मूठ उचलली असती, तर आई गेली असती. तिनं मूठ उचलली नाही. आई जगली. पोर तांब्याकडं बघत बघत गेली, असं म्हणतात.

शुद्धीवर आल्यावर रेजिननं एकच मागितलं. “कोन्सूबाय, तिला बाहेर टाकू देऊ नकोस गं. आत, माझ्या गेलेल्या सासूच्या कुशीत ठेव.”

म्हणून कोन्सूबाय फाटकाशी आली होती. फाटकाच्या आत फादर, बाहेर ती, आणि भोवती सगळं गाव.

गावचा मुकादम इंतोन तिच्या कानाशी वाकला. “अगं म्हण ना, पाणी घातलं म्हणून! कोण होतं बघायला? एक शब्द, आणि सगळे जेवायला घरी जातील.”

“तुझ्या पोटाचीच काळजी तुला, मुकादमा.”

फादर लुद्रिक काही दुष्ट नव्हते. ते गजांजवळ आले आणि हळूच म्हणाले, “कोन्सूबाय, तू घातलं म्हणालीस, तर मी दुसरा प्रश्न विचारणार नाही.”

आता इथं, सांगणारे सांगतात की कोन्सूबाय रडली. खोटं! रडली नाही. तिचं डोकं फिरलं. ती अशी कडाडली की बावखलावरचे बगळे उडाले.

“म्हणजे मी खोटं बोलले तर देव पोरीला घेणार, आणि खरं बोलले तर टाकून देणार? असला कसला देव तुमचा, फादर? मी पाणी घातलं नाही! मी तिची आई धरून ठेवली होती. विचारा तुमच्या देवाला, काय करायला हवं होतं मी!”

“देवाचं प्रेम अपार आहे,” फादर म्हणाले, “पण त्याच्या घरात शिरायला अट आहे.”

“अट? गावातला पास्कोल म्हैस विकतो, तो अट घालतो. बाप घालतो का? दर रविवारी तुम्हीच सांगता, हरवलेल्या एका मेंढरासाठी मेंढपाळ रान तुडवत गेला. मेंढरू सापडल्यावर त्यानं काय विचारलं? तुझ्यावर पाणी पडलंय का? नाहीतर बस इथंच, कोल्हे येतीलच!”

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं, आणि लगेच कुणीतरी हुंदका दिला.

ऊन वर चढलं. केळीचं पान सुकायला हवं होतं. सुकलं नाही. उलट कापल्या जागी त्याला पाणी सुटलं, आणि ते थेंब थेंब पोरीच्या कपाळावर पडू लागलं, असं म्हणतात. इंतोन मुकादम उड्या मारायला लागला, “पडलं! पाणी पडलं! फादर, झालं काम!” कोन्सूबायनं काय केलं? पदरानं पोरीचं कपाळ कोरडं पुसलं. “नको आम्हाला पळवाट,” म्हणाली. “हिला आहे तशी घ्या. बाहेर पडलेल्या सगळ्यांना आहेत तसं घ्या.”

तेव्हा मात्र फादर ओरडले. “माझ्या आईनं दोन लेकरं भिंतीबाहेर पुरली! दोन! ती भांडली का कधी?”

“भांडायला हवं होतं तिनं!” कोन्सूबाय म्हणाली. आणि त्याला जोडून तिनं आणखी एक वाक्य टाकलं.

ते वाक्य ऐकलं आणि फादर लुद्रिकनी दोन्ही हातांनी गज धरले. मग त्यांनी फाटक उघडलं नाही, बिजागरीतून उचलून काढलं. त्याच फाटकावर पोरीला ठेवलं, एक बाजू बस्त्यांवनं धरली, एक स्वतः धरली, आणि रेजिनच्या सासूशेजारी स्वतःच्या हातानं माती लोटली. मग ते बाहेर आले आणि निवडुंगात गुडघ्यांवर बसले. काटे रुतले तरी उठले नाहीत. निवडुंगाला त्या वर्षी पांढरी फुलं आली, असं म्हणतात. आणि पावसाळ्यात भिंत कुणी हात न लावता जमिनीत बसली. आतली माती, बाहेरची माती एक झाली.

कोन्सूबाय म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिच्या सांगण्यावरून तिला बाहेरच्या पोरांत ठेवलं.

खारपाडीच्या कबरस्तानाला आजही फाटक नाही. दोन खांब आहेत, मध्ये वारा. मृतांच्या दिवशी पहिली मेणबत्ती पूर्वीच्या भिंतीबाहेर लागते, आणि ती लागेपर्यंत आतली एकही लागत नाही. नवा फादर गावात आला की त्याला त्या खांबांच्या आत उभं करतात. समोर, बाहेरच्या बाजूला, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई जमिनीवर बसते आणि कोन्सूबायचं ते वाक्य त्याच्या तोंडावर म्हणते. गोड आवाजात म्हटलं तर लोक ओरडतात, “ए आजी, रागानं म्हण!” आणि तिला पुन्हा म्हणायला लावतात:

“फाटक खुशाल लावून घ्या, फादर, देव इथं बाहेर बसलाय, पोरांपाशी!”